उलट्या पिळाची दोरी

सोनपेठ,
३ ऑगस्ट

राजेश्री,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून कागदच बदलला.

पाकिटावर पिंकीचं नाव बघून फसली असशील. तुमच्या होस्टेलच्या बाईंना माझं नाव दिसलं तर पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, एवढी अक्कल मला त्या दिवशीच्या भांडणानंतर आली आहे. आमच्या बहीणबाई म्हणतात, "दादा, माझ्या नावानं प्रेमपत्रं पाठवायलास, निदान वाचून तरी दाखव." हे प्रेमपत्र नाही. कामाचं पत्र आहे.

त्या दिवसाचं एकदाच सांगतो आणि सोडून देतो. तुमचा वॉचमन म्हणाला, "असली पोरं रोज दहा येतात." मी रोज आलेलो नव्हतो, दहांतलाही नव्हतो. पण त्याच्या खुर्चीला लाथ मारायला नको होती. प्लॅस्टिकची होती, पाय गेला तिचा.

कॉलेज मी का सोडलं हे तू कधी विचारलं नाहीस. सेकंड इयरच्या परीक्षेत शेजारच्याची चिठ्ठी माझ्या बाकाखाली सापडली. सुपरवायझर चारचौघांत 'चोर' म्हणाला. मी पेपर उभा फाडला, दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले आणि सोनपेठची एसटी धरली. परत गेलो नाही. आता घरी सोयाबीनला कोळपं धरतो आणि बापूंच्या शिव्या खातो.

आता काम. रविवारी तू पिंकीला फोनवर म्हणालीस की दुकानातली दोरी तुझ्या बांबूच्या धनुष्याला बसत नाही, एक लांब होते, एक आखूड होते, जुलैत दोन तुटल्या, आणि एकवीस सप्टेंबरला राज्याच्या संघाची निवड आहे. पिंकी म्हणते तू रडत होतीस.

तुझी दोरी मी वळून देतो.

हसू नको. माझे वडील लिंबाजी, म्हणजे आमचे बापू, यांनी वळलेलं दावं दहा गावांत जायचं. नायलॉन आलं आणि विचारणारे गेले, पण हात गेलेले नाहीत. धनुष्याची असो की बैलाची, दोरी ती दोरीच. माप कळव.

हरिओम

*

परभणी,
९ ऑगस्ट

हरिओम,

मी रडत नव्हते. सर्दी झाली होती.

दोरी ती दोरीच, हे वाक्य आमचे तिरंदाजीचे प्रशिक्षक सिद्धोधन सर यांना ऐकवलं. सर कमी हसतात. हसले. मग कपाटातून तिरंदाजीच्या धाग्याचं उरलेलं रीळ काढून दिलं आणि म्हणाले, "वाया घालवायचंच आहे तर हे घालव." पार्सलमध्ये तेच आहे. सोबत माझी तुटलेली जुनी दोरी आणि मापाचा सुतळीचा तुकडा. सुतळी जेवढी आहे तेवढीच दोरी हवी, फासे धरून.

नीट वाच आता. धनुष्य वाकवून दोरी चढवली की मूठ आणि दोरी यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली पाहिजे. जागा कमी पडली तर एक फासा काढून दोरीला आणखी पीळ द्यायचा, म्हणजे ती आखडते आणि जागा वाढते. हे प्रत्येक नव्या दोरीला करावंच लागतं. तेवढ्यासाठी तुला तार करणार नाही.

माझी जागा धोक्यात आहे हे खरं आहे. चार मुली घेणार आणि आम्ही अकरा. माझा नेम चुकत नाही, पण दर आठ दिवसांनी दोरी बदलली की बाण नव्यानं शिकल्यासारखा उडतो. त्यात मी डावखुरी. रांगेत सगळे एकीकडं तोंड करून उभे असतात, मी एकटी उलटी. माझ्या समोर सरावाला येणारा प्रीतम नावाचा मुलगा असतो, त्याचं तोंड बघत बाण मारावा लागतो.

एकच सांगते. दहा सप्टेंबरच्या आत पाठवायची, म्हणजे निवडीआधी दोन-तीनशे बाण मारून बघता येतील. जमत नसेल तर आत्ताच सांग. तू रागात चांगला दिसत असशील, मला कामाचा माणूस पाहिजे.

राजेश्री

ता.क. चुडाव्याहून आई आली होती. डब्यात धपाटे होते. तुझी आठवण वगैरे काही आली नाही.

*

सोनपेठ,
२५ ऑगस्ट

राजेश्री,

प्रीतमचं तोंड कसं आहे?

असो. दोरी झाली. सोबत आहे. पण कशी झाली ते ऐकावं लागेल.

तुझी तुटलेली दोरी बाजेवर पसरली आणि सुईनं उकलली. पंधरा धागे. पाच-पाचांचे तीन पेड. दोन्ही टोकांना फासा, आणि राजेश्री, गाठ कुठंच नाही! फासा करून पेडांच्या शेपट्या परत दोरीच्याच अंगात मुरवलेल्या. मी ओरडलो, "बापू, हे तर आपलं बिनगाठीचं दावं हाय!" बापू पोळ्यासाठी नव्या वेसणी वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग? त्यांला काय गाठ मारून बैल बांधायचाय व्हय?"

बापूंचं म्हणणं, गाठीपाशी धागा मोडतो, मोडला तिथंच एक दिवस तुटतो. म्हणून आमच्या घरच्या दाव्याला गाठ नसते. प्रत्येक पेड अंगठ्यानं एकीकडं मुरगळायचा आणि दुसरीकडं शेजाऱ्यावरून टाकायचा. तो उलगडू बघतो, शेजारी त्याला उलगडू देत नाही. एवढंच शास्त्र. मला वाटलं दुपारपर्यंत होईल.

पहिलीचा फासा एवढा झाला की पिंकीनं हातात बांगडीसारखा घातला. दुसरीच्या शेपट्या मी एकाच मापाच्या कापल्या, त्या आत जिथं संपल्या तिथं गाठोडं झालं. बापू म्हणाले, "उंदराची शेपूट बघितलीस का कधी? बारीक होत होत संपती. तसं काप." तिसरी अर्ध्यात गुंतली. चौथी मी पत्र्यावर भिरकावली. ती चढून आणायला बापूंनीच लावलं आणि खाली उतरल्यावर म्हणाले, "दावं तुटलं तर जनावर पळंल. ह्या दोरीनं त्या पोरीचा डोळा जाईल. राग आला की हात धुवून ये, मग बस."

अकरा वेळा हात धुतले त्या दिवशी. पोळा झाला, बैलांच्या शिंगांना रंग देऊन झाले, आणि पाचवी बसून पुरी केली. लिंबावरच्या मधाच्या पोळ्याचं मेण चोळून चोळून तळहात पोळले. दोरी अशी गुळगुळीत झाली की बापूंनी दोन बोटांतून एकदा सरकवली आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडं याला शाबासकी म्हणतात.

या दोरीत मी एक गोष्ट केलेली आहे. दुकानातल्या दोरीत ती नसते. सांगणार नाही. तुझ्या हाताला आपोआप कळेल आणि तेव्हा तू म्हणशील, हरिओमनंच करावं.

हरिओम

*

परभणी,
३ सप्टेंबर

हरिओम,

काय केलं होतंस तू त्या दोरीत?

काल पहिल्यांदा चढवली. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. सगळ्या मुलींनी हात लावून बघितला. जागा जराशी कमी होती म्हणून नेहमीसारखे दहा पीळ दिले. जागा वाढायच्या ऐवजी आणखी कमी झाली. मला वाटलं नवा धागा ताणतोय, म्हणून अजून दहा दिले. तरी पंचवीस बाण असे सरळ गेले, असे गेले की सर मागं येऊन उभे राहिले. सव्विसावा ओढला आणि वरचा फासा उघडला. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. दोरी उजव्या हातावर बसली. मनगटापासून कोपरापर्यंत वळ आहे, काळानिळा. धनुष्याला काही झालं नाही हे नशीब.

सर म्हणाले, "ही गावठी दोरी परत मैदानात दिसली तर तू मैदानात दिसणार नाहीस."

अठरा दिवस उरलेत आणि मला पेन धरता येतं, धनुष्य नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझी दोरी येणारेय, हातानं वळलेली, बघाच. माझी मान खाली गेली ती वळापेक्षा जास्त दुखते.

तुझी दोरी परत पाठवते आहे. ठेव जपून.

राजेश्री

*

सोनपेठ,
६ सप्टेंबर

राजेश्री,

माझी दोरी उघडत नाही. उघडणार नाही. कुणीतरी उघडली.

रात्री धनुष्यं कुठं ठेवता? कुलूप कुणाकडं असतं? अकरातल्या दहा मुलींना तू नको आहेस. आणि तो प्रीतम, रोज समोर उभा राहून बघणारा, त्यानं हात लावला होता का? खरं सांग. आणि तुझ्या सरांना सांग की गावठी माणसाशी बोलायचं तर समोर येऊन बोला. पंचवीस बाण सरळ गेले तेव्हा ती गावठी नव्हती का?

तुझ्या हाताला लागलं हे वाचल्यापासून मी जेवलेलो नाही. सोमवारच्या सकाळच्या गाडीनं परभणीला येतो. बघतोच एकेकाला.

हरिओम

*

परभणी,
८ सप्टेंबर

हरिओम,

हे पत्र आपल्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती एसटीनं पाठवते आहे, तू निघायच्या आत मिळावं म्हणून.

येऊ नको. आलास तर मी ओळख दाखवणार नाही.

दोरीला माझ्याशिवाय कुणीही हात लावलेला नव्हता. पाकीट मी फोडलं, दोरी मी चढवली, पीळ मी दिले. प्रीतमनं बर्फ आणला आणि माझ्या हातावर धरला. आणि सर ओरडत होते तेव्हा त्या अख्ख्या मैदानावर तुझ्या बाजूनं तो एकटा बोलला. म्हणाला, "सर, पण पंचवीस बाण काय गेले! वळणाऱ्याला दोरी येते."

तू मात्र सगळ्यांवर संशय घेतलास. फक्त दोरी उचलून बघितली नाहीस. बघितलीस का?

राजेश्री

*

सोनपेठ,
११ सप्टेंबर

राजेश्री,

बघितली नव्हती. परत आलेलं पाकीट तसंच फळीवर टाकलं होतं.

तुझं पत्र वाचून मी ते बापूंपुढं ठेवलं. बापूंनी दोरी काढली, डोळे मिटले आणि वरपासून खालपर्यंत बोटांतून सोडली. मग म्हणाले, "पीळ कुणी काढला हिचा?"

मी म्हणालो, "कुणी काढला न्हाई. तिनं वीस पीळ भरलेत."

"तिनं भरलेच. पर सरळ पिळाची समजून भरले. ही उलटी हाय. तू सांगितलं व्हतंस का तिला?"

राजेश्री, मी सांगितलं नव्हतं.

आता सगळं सांगतो. आमच्या घरात डाव्या हातात धरायचा कासरा उलट्या पिळाचा वळतात. उजवा हात दोरी एकीकडं मुरगळतो, डावा दुसरीकडं. सरळ पिळाचा कासरा डाव्या हातात दिवसभर राहिला की सैल पडतो. आजोबांच्याही आधीपासून ही रीत आहे. तू डावखुरी आहेस. डाव्या बोटांतून सुटताना तुझी दोरी दर बाणाला जराशी मुरगळते आणि सरळ पीळ उसवत जातो. तुझ्या दोऱ्या सारख्या का बिघडतात ते मला तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीवरून कळलं होतं. म्हणून तुझ्यासाठी उलटी वळली. तुझे पंचवीस बाण त्यानंच सरळ गेले. आणि सगळे जसे देतात तसे तू पीळ दिलेस, ते तिला उलगडत गेले आणि फासा सुटला.

मी सांगितलं असतं एका ओळीत, तर तुझा हात वाचला असता. मला वाटलं तुला न सांगता कळावं, म्हणजे मी किती हुशार ते कळेल. त्या माजाचा वळ तुझ्या हातावर आहे. चूक माझी आहे, एकट्याची. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं असेल.

बापूंनी मग विचारलं, "उलट्या पिळाचं दावं आपून बाजारात कधी नेत न्हाई. का ते म्हाईत हाय?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "भायेरचा माणूस सरळ समजून पीळ भरतो, मग दावं उलगडलं की आपल्यालाच नावं ठेवतो. ते घरच्याच माणसाला द्यायचं. घरच्याला ठाऊक आसतं." आणि दोरी माझ्या हातात दिली. "मग तू त्या पोरीला कसं काय पाठवलंस?"

याचं उत्तर तुला देतो. तू मला बाहेरची वाटली नाहीस.

सोबत दोन दोऱ्या आहेत. पांढरा धागा गुंडाळलेली सरळ पिळाची. तांबडा धागा गुंडाळलेली उलट्या. तांबडीसोबत कागदावर चित्र काढलं आहे, पीळ कुठल्या दिशेनं भरायचा त्याचं. दुसरी चिठ्ठी सिद्धोधन सरांना आहे, तीत माफी मागितली आहे आणि चूक कुठं झाली ते लिहिलं आहे. वाचून दे. प्रीतमला माझा नमस्कार सांग. हे लिहायला मला आधीच्या तिन्ही पत्रांपेक्षा जास्त वेळ लागला.

कुठली चढवायची ते तू ठरव. पांढरी चढवलीस तरी मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण सांगणार नाही.

हरिओम

*

परभणी,
२२ सप्टेंबर

हरिओम,

क्रमानं सांगते, नाहीतर मी शेवटचं आधी सांगून टाकेन.

सरांनी तुझी चिठ्ठी उभ्यानं वाचली, मग खुर्ची ओढून बसून वाचली. म्हणाले, "डावखुऱ्यांच्या दोऱ्या लवकर जातात हे मी वीस वर्षं बघतोय. असं का होतं ते आज कळलं." पण विश्वास टाकला नाही. तांबडी दोरी झाडाला टांगली आणि खाली पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या लटकवल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं झाडाखाली जमून बादल्या पडायची वाट बघत होती. वॉचमनसुद्धा. बादल्या पडल्या नाहीत. चार वाजता सरांनी स्वतः दोरी उतरवली, तुझं चित्र समोर धरलं आणि चित्रात दाखवल्याप्रमाणे पीळ भरून माझ्या धनुष्यावर चढवली. वीतभर जागा. ना जास्त ना कमी.

हात बरा व्हायला आणखी दोन दिवस गेले. मग आठवडाभरात साडेतीनशे बाण मारले. दोरी पहिल्या दिवशी होती तशीच.

काल निवड झाली. सकाळी वारा होता. दोन्ही दोऱ्या सोबत होत्या. पांढरी खिशात ठेवली, तांबडी चढवली. शेवटच्या सहा बाणांना मी पाचवी होते आणि चौथीपेक्षा तीन गुणांनी मागं. घेणार चारच. मला आधी भीती वाटायची की ओढलं की दोरी काहीतरी करेल. काल ती भीती नव्हती. ओढली, सोडली, सहा वेळा. मधे मी गुण बघितलेच नाहीत. प्रीतम समोर होता, त्याच्या तोंडावरून कळत गेलं.

मी तिसरी आले. राज्याच्या संघात आहे.

तपासणीच्या टेबलावर एक साहेब होते. त्यांनी धनुष्य उलटसुलट करून बघितलं, दोरीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "उलट्या पिळाची? कुठल्या कंपनीची आहे?"

मी म्हणाले, "कंपनीची नाही सर. आमच्या घरातल्यानं वळलीय."

म्हणून झाल्यावर माझे कान तापले. पण परत घेतलं नाही. घेणारही नाही.

सरांना आणखी दोऱ्या पाहिजेत. बबिता म्हणून एक नवी मुलगी आली आहे, तीही डावखुरी. तिच्यासाठी एक, माझ्यासाठी तीन. तिचं माप पाठवते. हे पत्र तुझ्या नावानं पाठवते आहे, पिंकीच्या नाही. बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "आण, पेटीत मी टाकते."

राजेश्री

*

सोनपेठ,
२७ सप्टेंबर

प्रिय राजेश्री,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात सगळे होते. बापू म्हणाले, "वाच मोठ्यानं." वाचलं. बादल्यांपाशी बापू मांडीवर थाप मारून हसले. सहा बाणांपाशी त्यांनी पान लावायचं थांबवलं. तू तिसरी आलीस ही ओळ मी दोनदा वाचली. साहेबांच्या प्रश्नापाशी आलो आणि म्हणालो, "ती म्हणाली, सोनपेठची आहे." पिंकीला माझ्या लाल झालेल्या कानांवरून संशय आला. तिनं पत्र हिसकलं आणि अंगणात उभी राहून ती ओळ अशा आवाजात वाचली की रस्त्यावरचा दुधवाला थांबला.

बापू उठले. पटका बांधला, चपला घातल्या आणि बाजारात गेले. बाजाराचा दिवस होता. नायलॉनची दोरी विकणाऱ्याच्या पालापुढं उभे राहून त्यांनी त्याला सांगितलं म्हणे, की आमच्या हरिओमच्या हातची दोरी आता राज्याच्या खेळात जाणार हाय. त्या माणसानं विचारलं, कुठला खेळ? बापूंनी धनुष्य ओढून दाखवलं. डाव्या हातानं. हे मला चार जणांनी येऊन सांगितलं, चौघांनीही बापूंची नक्कल करून.

मी आज खूप ताठ चालतो आहे. तुझ्यामुळं की दोरीमुळं ते ठरवलेलं नाही. ठरवायची गरजही वाटत नाही. तू म्हणालीस ते मी दिवसातून दहादा वाचतो आणि प्रत्येक वेळी कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, पण चांगल्या अर्थानं.

एवढं सांगून थांबतो. आमच्यात मोठा दोर वळताना दोघं लागतात. वळणारा एक आणि दुसरं टोक ताणून धरणारा एक. धरणारा नेहमी धाकटा असतो. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून धरत आलो आहे, बापू वळत आले आहेत. आज सकाळी तुमच्या दोऱ्यांआधी हात बसावा म्हणून घरच्यासाठी एक कासरा वळायला घेतला. अंबाडीचे पेड भिजवून ठेवले आणि सवयीनं टोक धरायला पलीकडं गेलो. बघतो तर बापू आधीच तिथं जाऊन उभे. टोक त्यांच्या हातात.

म्हणाले, "हिकडं कुठं? तू वळ."

हे तुला लगेच कळवावं म्हणून घरात आलो ते लिहीत बसलो. बापू अजून टोक धरून अंगणात उभे आहेत, हाका मारायलेत. जातो.

तुझा,
हरिओम